शालेय लेखनातील उसना ‘मी’

वाङ्मयप्रकारांची चर्चा आपण पदव्युत्तर वर्गात करतो. आत्मचरित्र आणि आत्मकथन यांत भेद करावा की करू नये, ललित निबंधाला स्वतंत्र प्रकार मानावे काय, कथेची लांबी हा तिच्या रूपाचा भाग आहे काय, अशा प्रश्नांवर आपले विद्यार्थी पाने भरून लिहितात. परंतु त्यांच्यापैकी प्रत्येकाने लेखनप्रकाराची पहिली निवड याच्या पुष्कळ आधी, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी केलेली असते. ती शालान्त परीक्षेच्या दालनात, शेवटच्या अर्ध्या तासात आणि आठ गुणांसाठी केलेली असते. ती तशीच का केली, हे त्यांना कोणी विचारलेले नसते. प्रस्तुत लेखात या निवडीविषयी मला काही सांगायचे आहे. ते सांगताना माझ्या हातून झालेल्या एका चुकीचा उल्लेख अपरिहार्य आहे; कारण हा प्रश्न मला त्या चुकीमुळेच कळला.

दहावीचे नवे ‘कुमारभारती’ २०१८ साली आले आणि प्रश्नपत्रिकेची ‘कृतिपत्रिका’ झाली. प्रथम भाषा मराठीच्या ८० गुणांच्या या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला २४ गुण ठेवण्यात आले. पत्र किंवा सारांश यांना ६. जाहिरात, बातमी आणि कथा यांपैकी दोहोंना मिळून १०. आणि शेवटी प्रसंगलेखन, आत्मकथन व वैचारिक लेखन यांपैकी कोणत्याही एकास ८. या अखेरच्या कृतीची शब्दमर्यादा १०० ते १२० शब्दांची. म्हणजे एका पानाच्या आत मुलाने अनुभव सांगायचा, दुसऱ्या कोणाच्या मुखाने बोलायचे किंवा विचार मांडायचा.

या तिन्ही प्रकारांमागे मोठी परंपरा उभी आहे, हे आपण जाणतो. वैचारिक लेखनाचा वंश १८७४ साली सुरू झालेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’पर्यंत नेता येतो. प्रसंगलेखनाचे नाते फडके, खांडेकर, काणेकर यांनी रूढ केलेल्या लघुनिबंधाशी आणि पुढच्या ललित गद्याशी जोडता येते. दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याची रीत तर आपल्याकडे एकनाथांच्या भारुडांइतकी जुनी आहे. असे असूनही या तिघांत आत्मकथनाविषयी आपल्या मनात एक सूक्ष्म तुच्छता असते. ‘मी पेन बोलतोय’, ‘मी वडाचे झाड बोलतोय’ ही वाक्ये आपण प्राध्यापकमंडळी चेष्टेनेच उच्चारतो. मीही उच्चारीत असे.

२०२० सालच्या जानेवारीतील गोष्ट. बोईसर परिसरातील एका मराठी शाळेत माझी एक जुनी विद्यार्थिनी शिकवते. पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिकांतील लेखनकृती बाहेरच्या कोणीतरी तपासाव्यात, म्हणजे मुलांना परक्या परीक्षकाची सवय होईल, असे तिच्या मनात आले आणि तिने मला विचारले. पालघर आणि बोईसर यांच्यामध्ये उमरोळी हे एकच स्थानक. जाऊन गठ्ठा घेऊन यायला अर्धी दुपार पुरली.

त्या वर्गाची घडण सांगितली पाहिजे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामासाठी खानदेश-मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांची मुले त्यात होती. किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरांतली होती. पूर्वेकडच्या पाड्यांवरून आलेली वारली मुले होती. घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणारी आणि शाळेत मराठी लिहिणारीही काही होती. शिक्षिकेने तिन्ही विषय हेतुपूर्वक एकाच आशयाभोवती गुंफले होते. प्रसंगलेखनासाठी ‘आम्ही घर बदलले तो दिवस’, आत्मकथनासाठी ‘पडक्या घराचे आत्मकथन’ आणि वैचारिक लेखनासाठी ‘विकास आणि विस्थापन’. विषय एकच ठेवून प्रकार तेवढा निवडायला सांगणे ही कल्पना मला तेव्हाही चांगली वाटली होती. तिचे खरे मोल मात्र मला तेव्हा कळले नाही.

कारण या परिसरात पडके घर हा केवळ कल्पनेचा विषय नाही. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे प्रत्येकी ५४० मेगावॅटचे आणखी दोन संच २००५ आणि २००६ मध्ये कार्यान्वित झाले. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. सूर्या प्रकल्पाच्या धामणी धरणाने डोंगराकडची माणसे हलविली. औद्योगिक वसाहत, मालवाहू गाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग, बोईसरला स्थानक असलेली मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वे, आणि अलीकडे ३० ऑगस्ट २०२४ रोजी ज्याची पायाभरणी झाली ते वाढवण बंदर, अशी ही मालिका चालू आहे. या प्रकल्पांचे मूल्यमापन हा या लेखाचा विषय नाही. येथील पुष्कळ घरांत ‘जुने घर’ या शब्दांना एक नेमका पत्ता असतो, एवढेच मला सांगायचे आहे.

गठ्ठ्यातल्या बहुतेकांनी आत्मकथन निवडले होते. मला नवल वाटले नाही. मार्गदर्शक पुस्तकांत आणि अपेक्षित प्रश्नसंचांत आत्मकथनाचे तयार साचे असतात. आरंभी ‘थांब, घाबरू नकोस, मी बोलतोय’ अशी हाक, मध्ये वैभवाचे दिवस, मग दुरवस्था आणि शेवटी उपदेश. पंधरावीस उत्तरपत्रिकांनंतर माझा लाल पेन यांत्रिकपणे चालू लागला. अशाच एका उत्तरपत्रिकेवर मी आठपैकी तीन गुण दिले आणि समासात लिहिले, ‘निवेदकाचा गोंधळ. घर पाटावर कसे बसेल?’ उत्तरपत्रिकांवर केवळ क्रमांक होते. गठ्ठा परत गेला आणि मी ते विसरले.

२०२४ च्या पावसाळ्यात पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मी दया पवारांचे ‘बलुतं’ शिकवीत होते. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाची रचना आपणां सर्वांना परिचित आहे. दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. दोघे एकच आहेत आणि एक नाहीत. शिकलेला, शहरात स्थिरावलेला ‘मी’ आणि मागे राहिलेला ‘मी’ यांच्यातील ही फट म्हणजे त्या लेखनाचा दोष नसून त्याचे सामर्थ्य आहे, असे मी वर्गात सांगितले. जे दुखणे एका ‘मी’ला पेलत नाही ते सांगण्यासाठी लेखकाला दुसरा ‘मी’ उभा करावा लागतो, असेही काहीसे म्हणाले. हे मी दरवर्षी म्हणते.

तास संपल्यावर एक विद्यार्थिनी टेबलापाशी आली. अबोल मुलगी, दोन वर्षे वर्गात होती, पण कधी प्रश्न विचारलेला आठवत नव्हता. ती म्हणाली, “मॅडम, शाळेत असे दोन ‘मी’ केले तर गुण जातात.”

मी हसून विचारले, “तुझे गेले होते का?”

“आठात तीन मिळाले. घर पाटावर कसे बसेल, असे लिहिले होते.”

माझ्या हातातली पुस्तके मी टेबलावर ठेवली. तिला मी ओळखले नव्हते, पण ते वाक्य माझे होते. काय लिहिले होतेस, असे मी विचारले. साडेचार वर्षांनंतरही तिला ते जवळजवळ पाठ होते. तिच्या लेखनात घर सांगत होते की, मला सोडून जाताना माणसांनी माझे दार उतरवून नेले. नव्या घराची चौकट लहान निघाली, तेव्हा दार खालून कापावे लागले. कापलेला तुकडा आजीने टाकला नाही. त्याचा पाट केला. आणि पुढचे वाक्य होते : ‘मी त्याच पाटावर बसून रोज जेवते.’

मराठीत ‘मी’ला लिंग नाही, ते क्रियापदात उमटते. लेखाच्या आरंभापासून घर ‘मी उभा होतो’, ‘मी पाहत होतो’ असे बोलत होते. शालेय आत्मकथनात घराने पुल्लिंगी बोलावे असाच प्रघात आहे. येथे मात्र ‘जेवतो’ न होता ‘जेवते’ झाले. एक मात्रा बदलली आणि घराच्या आतून एक मुलगी बाहेर आली. वाङ्मयाच्या अभ्यासकाने ज्या जागी थांबायला हवे, नेमक्या त्याच जागी मी लाल रेघ ओढली होती.

तिच्या कुटुंबाचे मूळ गाव कोणते आणि ते कशामुळे सुटले, हे येथे सांगण्याचे कारण नाही. प्रकाराची निवड तिने कशी केली हे मात्र सांगितले पाहिजे. मी विचारल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “प्रसंग लिहायचा तर मी तिथे असायला हवे होते ना मॅडम? घर सोडले तेव्हा माझा जन्म नव्हता. विकास आणि विस्थापन लिहायचे तर आम्हांला विस्थापित म्हणून लिहावे लागले असते. आजी स्वतःला तसे कधीच म्हणत नाही, ती गावाचे नाव सांगते. मग घरच राहिले. घराला सगळे माहीत होते.”

वाङ्मयप्रकाराच्या निवडीचे याहून नेमके समर्थन मी कोणत्याही प्रबंधात वाचलेले नाही. तिन्ही प्रकारांच्या ‘मी’चे स्वरूप तिने न शिकता ओळखले होते. प्रसंगलेखनाचा ‘मी’ साक्षीदार असतो. तो घटनास्थळी हजर असावा लागतो. वैचारिक लेखनात ‘मी’ मागे सरतो आणि माणसांना समस्येचे नाव मिळते. आत्मकथनाचा ‘मी’ उसना असतो. आणि उसना असल्यामुळेच त्याला आपण न पाहिलेले, केवळ ऐकलेले, पिढीकडून पिढीकडे आलेले सांगता येते. आजीची आठवण नातीला स्वतःची म्हणून सांगायची होती. त्यासाठी तिला असा निवेदक हवा होता, जो दोघींपेक्षा जुना आहे. दार, पाट आणि जेवण या वाटेने तो निवेदक तिच्यापर्यंत पोहोचला, आणि पोहोचताच त्याची गरज संपली. मी ज्याला गोंधळ म्हटले ते त्या लेखनाचे पूर्णत्व होते.

एकाच शब्दाचे दोन अर्थ आपण किती निर्धास्तपणे सांभाळतो, हेही त्या दिवशी ध्यानात आले. ‘आत्मकथन’ ही संज्ञा ‘बलुतं’ आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) यांसारख्या पुस्तकांच्या संदर्भात समीक्षेत रुजली. ‘आत्मचरित्र’ या शब्दातील कर्तृत्वाची, पूर्ण झालेल्या जीवनाची अपेक्षा टाळून, जे भोगले ते सांगणे असा तिचा रोख होता. तीच संज्ञा शाळेत पेन, छत्री आणि पडके घर यांना लावली जाते. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल असे आपण मानीत नाही. मी तर एकाच आठवड्यात एका आत्मकथनाचे कौतुक शिकवू शकत होते आणि दुसऱ्याचे गुण कापू शकत होते.

आणखी एक कारण नंतरच्या विचारात पुढे आले. आमच्या जिल्ह्यात किनाऱ्यालगत मांगेली, वाडवळी, भंडारी अशा बोली आहेत; डोंगराकडे वारली, कातकरी, कोकणा आहेत. प्रसंग लिहायचा म्हणजे त्यात आई बोलणार, बाप बोलणार. त्यांचे बोलणे मुलाने जसेच्या तसे लिहिले तर ते अशुद्ध ठरेल अशी धास्ती असते. प्रमाण मराठीत उतरवले तर ती आपली आई वाटत नाही. पेनाला बोली नसते. घराला, झाडाला, नदीला बोली नसते. त्यांनी प्रमाण मराठीत बोलावे यात कोणालाच खोटे वाटत नाही. म्हणून ज्या मुलांच्या घरची भाषा शाळेच्या भाषेपासून दूर आहे, त्यांना आत्मकथन हा आडोसा होतो. ही मुले आळशीपणाने साचा निवडतात असे आपण समजतो; त्यांतली काही अब्रू सांभाळण्यासाठी तो निवडत असतात.

याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे त्यामागचे सूत्र होते. लेखनाच्या मूल्यमापनात या सूत्राचा अर्थ असा होईल, की मूल आपल्या प्रकारात बसते की नाही हे पाहण्याआधी ते त्या प्रकारापर्यंत कोणत्या वाटेने आले, हे परीक्षकाने पाहावे.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. शालान्त परीक्षा लाखो मुले देतात. परीक्षकाच्या हाती मोजका वेळ असतो. निकष ठरलेले नसतील तर एकाच लेखनाला कोणी सात देईल आणि कोणी तीन. निवेदकाची सुसंगती, मुद्द्यांचा क्रम, शुद्धलेखन हे निकष मुलाला परीक्षकाच्या लहरीपासून वाचवतात. हा आक्षेप मी नाकारीत नाही. माझ्या प्रकरणात तर लहर माझीच होती. निकषाने मला तीन गुण द्यायला भाग पाडले नव्हते. सुसंगतीच्या निकषावर एखादा गुण कापून मी पुढे जाऊ शकले असते. मी त्या निकषाच्या आडून कंटाळा व्यक्त केला. तेव्हा निकष मोडावेत असे माझे म्हणणे नाही. परंतु निवेदकाने रूप बदलले एवढ्यावरून त्याचा तोल गेला असे ठरवू नये. तो बदल कोठे आणि कशासाठी झाला हे एकदा वाचावे. एवढ्यासाठी अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावले आणि तो शेरा माझा होता, हे सांगितले. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग तिने विचारले, “मग आता किती द्याल?”

आठ द्यावेत असा मोह झाला. पण ते तिचा अपमान करण्यासारखे झाले असते. तिच्या लेखनाचा शेवट घाईचा होता, आरंभीची हाक मार्गदर्शकातली होती, हे तिनेच आदल्या दिवशी सांगितले होते. मी म्हणाले, “सहा.” ती हसली. “चालेल,” म्हणाली.

मग जाता जाता तिने जे सांगितले ते मला त्या तीन गुणांहून अधिक लागले. पूर्वपरीक्षेनंतर तिने आत्मकथनाचा नाद सोडला. मार्चमधल्या परीक्षेत तिने वैचारिक लेखन निवडले, पाठ केलेले. “त्यात माझे काहीच नव्हते, म्हणून चुकायची भीती नव्हती,” असे तिचे शब्द होते. मराठीत तिला चांगले गुण मिळाले. म्हणजे माझ्या शेऱ्याने तिला एक धडा दिला आणि तो तिने नीट गिरवला : ज्या प्रकारात आपण सर्वांत कमी असू, तो प्रकार निवडावा. पदवीच्या वर्गात ती दोन वर्षे गप्प का होती, याचे एकमेव कारण हेच असेल असे मी म्हणणार नाही. पण हे कारण नव्हतेच असेही मला म्हणवत नाही.

त्यानंतर त्या शाळेतील शिक्षिकेच्या सहकार्याने आम्ही एक लहानसा पाठ सुरू केला. सरावाच्या लेखनकृतीखाली मुलांनी दोन ओळी लिहायच्या : हाच प्रकार का निवडला? त्यांना गुण नाहीत आणि त्यांवर लाल शाईही नाही. बहुतेक उत्तरे अपेक्षेप्रमाणे असतात. ‘पाठ होते’, ‘सोपे वाटले’. परंतु अधूनमधून वेगळे काही हाती येते. एका मुलाने लिहिले की, प्रसंगात वडिलांचे नाव घ्यावे लागते. एकीने लिहिले की, वैचारिकात रडू येत नाही. या ओळी वाचल्यावर त्याच मुलांचे वरचे लेखन वेगळे दिसू लागते. साठ मुलांच्या वर्गात हे दर आठवड्याला शक्य नाही, हे मला मान्य आहे. सत्रातून दोनदा शक्य आहे.

आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शाळांतून, कनिष्ठ महाविद्यालयांतून शिकवणार आहेत; काही आजच शिकवीत आहेत. प्रकारांची लक्षणे आपण त्यांना उत्तम सांगतो. त्या लक्षणांबरोबर एवढेही सांगावे, की प्रत्येक प्रकार लिहिणाऱ्याला एक ‘मी’ देऊ करतो, आणि कोणता ‘मी’ आपल्याला पेलेल हे मूल आपल्या परीने तोलून पाहत असते. ते तोलणे चुकेल, अर्धवट राहील, पाठांतराखाली दडपून जाईल. तरी ते वाङ्मयीन कृत्य आहे, आणि त्याचा पहिला वाचक परीक्षक असतो.

त्या विद्यार्थिनीने वर्षअखेरीच्या प्रकल्पासाठी आजीच्या आठवणींचे संकलन केले. प्रास्ताविकात तिने सुरुवातीलाच ‘मी’ लिहिले आहे, स्त्रीलिंगी क्रियापदासह. तो पाट अजून घरात आहे, असे ती म्हणते. मी तो पाहिलेला नाही.